बार्शीची नोंदवही

१९८७ साली बार्शीत एक नोंदवही उघडली गेली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले भूम आणि परांडा हे तालुके, अशी मिळून ३४६ गावं. या गावांत दर वर्षी किती माणसांना कॅन्सर होतो, कुठल्या अवयवाचा होतो आणि त्यांतली किती जगतात, हे लिहून ठेवायचं. कॅन्सरची नोंदणी तेव्हा देशाला नवी नव्हती. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीनं ती १९६०च्या दशकातच सुरू केली होती. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि मुंबई, बंगळूर, मद्रास इथं पद्धतशीर नोंदणी होऊ लागली. पण ही सगळी महानगरं होती. देश मुख्यतः खेड्यांत राहत होता आणि खेड्यातल्या कॅन्सरबद्दल कुणालाच खात्रीनं काही सांगता येत नव्हतं. बार्शीची नोंदणी ही भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी.

शहरात नोंदणी करणाऱ्याला तीन ठिकाणी जावं लागतं. रुग्णालयातले केसपेपर, पॅथॉलॉजी लॅबचे अहवाल आणि महापालिकेतली मृत्यूची नोंद. एकाच माणसाची दोनदा मोजणी होऊ नये म्हणून नावं, वयं, पत्ते ताडून पाहिले की त्याचं काम बरंचसं होतं. भूम-परांड्याच्या खेड्यांत यातलं काहीच धड नव्हतं. गाठ आली तर दाखवायला सर्जन नव्हता, तुकडा तपासायला पॅथॉलॉजिस्ट नव्हता आणि माणूस गेला तर कारणाच्या रकान्यात काही लिहिलंच तर ‘वृद्धापकाळ’ नाहीतर ‘पोटाचा आजार’. रुग्णालयात बसून वाट पाहिली असती तर वहीची पानं जवळजवळ कोरी राहिली असती आणि खेड्यात कॅन्सर नाही, असं कागदोपत्री सिद्ध झालं असतं.

म्हणून बार्शीकरांनी कामाचा क्रम बदलला. मोजायचं तर आधी निदान व्हायला हवं आणि निदान व्हायचं तर आधी माणसापर्यंत पोचायला हवं. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊ लागले.

नर्गिसच्या नावाचं रुग्णालय

या नोंदणीला आधार दिला तो बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं. अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी ही संस्था ते चालवते आणि डॉ. बी. एम. नेने यांचं नाव त्याच्या उभारणीशी जोडलेलं आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं पाठबळ सुरुवातीपासून होतं. टाटातले सर्जन डॉ. आर. एस. राव आणि साथरोगशास्त्राचा, म्हणजे आकड्यांतून आजार वाचण्याचा, व्यासंग असलेल्या कस्तुरी जयंत यांची नावं बार्शीच्या शोधनिबंधांवर डॉ. नेने यांच्या नावाबरोबर येतात.

ज्या अभिनेत्रीचं नाव या रुग्णालयाला आहे, तिच्यावर स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात उपचार झाले. ३ मे १९८१ रोजी मुंबईत तिचं निधन झालं. पैसा आणि ओळखी असलेल्या माणसाला त्या काळात जिथवर जाता येत होतं तिथवर ती गेली होती. बार्शी-परांड्याच्या माणसाला चारशे किलोमीटरवरची मुंबईसुद्धा परदेशाइतकीच लांब होती. ‘टाटाला नेलं’ हे शब्द या भागात आजही घरातला आवाज खाली आणून उच्चारले जातात. त्यामागे आजाराची भीती असते आणि खर्चाचीही. परळच्या फुटपाथवर प्लॅस्टिक अंथरून दिवस काढणारी कुटुंबं किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी थांबलेले नातेवाईक यांतली कितीतरी माणसं अशाच तालुक्यांतून आलेली असतात. ज्यांना तिथवर जाताच आलं नाही, ती मात्र कुणालाच दिसत नाहीत.

बार्शीचं रुग्णालय या न दिसणाऱ्या माणसांसाठी होतं. शस्त्रक्रिया, किमो आणि लोक ज्याला ‘शेक देणं’ म्हणतात ते किरणोपचार तालुक्याच्या गावात मिळू लागले. एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येण्याचा फायदा मोठा होता. शेळ्या, दुभती म्हैस आणि पोरं शेजाऱ्यावर सोपवून महिनाभर मुंबईत राहणं बहुतेक घरांना जमत नाही.

दारापर्यंत

गावात जाऊन करायचं काय, याची पद्धत नोंदणीच्या माणसांनी हळूहळू बसवली. आधी शिक्षक, ग्रामसेवक, सरपंच, आरोग्यसेविका अशा गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचं. मग बैठक घेऊन सांगायचं की बरी न होणारी जखम, स्तनातली गाठ, गिळताना अडकणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, ही लक्षणं अंगावर काढायची नाहीत. लक्षणं असलेलं कुणी आहे का, हे विचारायचं आणि असेल तर तपासणीला बार्शीला आणायचं. पुढच्या फेरीत त्याच गावात परत जायचं.

या परत जाण्याचं मोल मोठं आहे. ‘सुई लागली की गाठ पसरते’ हा समज एका भाषणानं जात नाही. शेजारची बाई तपासून आली आणि चालतीफिरती आहे, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं की तो ढिला होतो. नोंदीसाठी तर परत जाण्याला पर्यायच नाही. रुग्ण पाच वर्षांनी हयात आहे की नाही, हे शहरात फोन करून किंवा मृत्यूचे दाखले चाळून कळू शकतं. बार्शीत त्यासाठी घर गाठावं लागतं. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. वाडीचं नाव महसुलाच्या कागदावर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरंच. वय विचारलं तर उत्तर येतं की बाहत्तरच्या दुष्काळात थोरला रांगत होता. असल्या उत्तरांतून नोंद पक्की करायची, तर समोर बसून बोलणाऱ्या माणसाला पुरेसा वेळ द्यावा लागतो.

वहीतून पहिली गोष्ट अशी दिसली की बार्शीच्या गावांत कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास आहे. दुसरी अशी की स्त्रियांत सर्वांत जास्त आढळतो तो गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तर मुंबईत स्तनाचा पुढे गेलेला. तिसरी गोष्ट सगळ्यांत दुखरी होती. खेड्यात कॅन्सर कमी होता, पण ज्याला झाला त्याच्या जगण्याची शक्यताही कमी होती, कारण आजार सापडेपर्यंत तो फार पुढे गेलेला असे.

मग पद्धतीचं फळ दिसू लागलं. केवळ माणसं गावात जाऊन बोलू लागल्यानं, कुठलंही नवं यंत्र न आणता, गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण काही वर्षांतच वाढलं. १९९५ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये बार्शीच्या मंडळींनी हे मांडलं. पहिल्या टप्प्यातला हा कॅन्सर शस्त्रक्रियेनं किंवा किरणोपचारानं बहुतांशी बरा होतो. चौथ्या टप्प्यात डॉक्टरच्या हाती वेदना कमी करण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. या दोन टप्प्यांमधला काळ अंगावर काढण्यात, घरगुती औषधात आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या गोळ्यांत निघून जातो.

एका ब्रशची गोष्ट

गर्भाशयमुखाचा कॅन्सर गरिबांना जास्त का मारतो, याचं उत्तर त्याच्या चालीत आहे. तो जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूच्या दीर्घ संसर्गातून येतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ साली नोबेल मिळालं. संसर्ग झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून अधिक काळ जातो आणि दरम्यान पेशींत होणारे बदल दिसतात, पकडता येतात, काढून टाकता येतात. श्रीमंत देशांनी पॅप स्मिअरची तपासणी दर काही वर्षांनी घराघरांतल्या बायकांना देऊन या कॅन्सरचे मृत्यू पार खाली आणले. पॅप स्मिअरला मात्र चांगली लॅब लागते, काचपट्टी वाचणारा तयार माणूस लागतो आणि बाईला पुन्हापुन्हा बोलवावं लागतं. खेड्यात यातलं काय चालेल?

हे पाहण्यासाठी १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात जगातल्या मोठ्या चाचणी-प्रयोगांपैकी एक सुरू झाला. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. नेतृत्व ल्योंच्या डॉ. आर. शंकरनारायणन यांचं होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं, कुठल्या गटाला काय मिळणार ते. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागात तपासणी नाही, फक्त आरोग्यशिक्षण आणि नेहमीच्या दवाखान्यांची माहिती.

तपासणीचं काम जवळून पाहिलं तर साधं वाटतं. आधी घरी जाऊन बाईशी बोलणं, संमती घेणं, तारीख देणं. ठरल्या दिवशी गावाजवळच टेबल, आडोसा आणि दिवा. एचपीव्हीच्या गटात परिचारिका लहानशा ब्रशनं गर्भाशयाच्या मुखावरचा नमुना घेते आणि तो द्रवाच्या बाटलीत बुडवून वर क्रमांक घालते. मिनिटाभराचं काम. तिसऱ्या गटात व्हिनेगरच्याच जातीचं सौम्य आम्ल कापसाच्या बोळ्यानं लावतात आणि मिनिटभर थांबतात. संशयित जागा असेल तर तिथला भाग पांढरा पडतो, पण तो ओळखायला सरावलेली नजर लागते. दोष आढळला आणि तो लहान असला तर क्रायोथेरपी करतात. वायूच्या सिलिंडरला जोडलेली धातूची टोपी त्या जागेवर टेकवून भाग गोठवतात, वितळू देतात, पुन्हा गोठवतात. भूल द्यावी लागत नाही. बाई त्याच दिवशी घरी जाते.

तपासणीला बोलावलेल्या दर दहा स्त्रियांतल्या जवळपास आठ आल्या. ‘खेड्यातल्या बायका असली तपासणी करून घेणार नाहीत’ हे आरोग्यखात्यात वर्षानुवर्षं ऐकू येणारं वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही.

एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं निकाल छापला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात तपासणी न मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ६४ मृत्यू झाले होते, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. पुढच्या टप्प्यातले कॅन्सर ८२ विरुद्ध ३९. पॅप स्मिअरच्या गटात ५४ आणि आम्लाच्या गटात ५६ मृत्यू झाले, म्हणजे ठामपणे फायदा म्हणावा इतका फरक पडला नाही. आयुष्यात फक्त एकदा केलेली एचपीव्ही चाचणी मृत्यू निम्म्यावर आणू शकते, हे जगाला पहिल्यांदा कळलं ते मराठवाड्याच्या खेड्यांतून. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादचा वाटा मोठा आहे.

आम्लाची चाचणी निरुपयोगी असा मात्र याचा अर्थ नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनं १९९८पासून केलेल्या प्रयोगात किमान दहावी शिकलेल्या स्त्रियांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं गेलं. त्यांनी दर दोन वर्षांनी हीच तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ साली डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी ते अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या परिषदेत मांडलं. म्हणजे साधन स्वस्त असेल तर दर दोन वर्षांनी जावं लागतं आणि एकदाच जायचं असेल तर साधन चांगलं लागतं. उस्मानाबादसारख्या जिल्ह्यात सगळ्यांपर्यंत दर दोन वर्षांनी जाणारी यंत्रणा नव्हती, आजही नाही.

ज्या ६४ जणींना तपासणी मिळाली नाही

या प्रयोगावर पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते टाळून बार्शीची गोष्ट सांगणं बरोबर होणार नाही. तपासणीनं जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावरून माहीत असताना ३१,४८८ स्त्रियांना तपासणीविना का ठेवलं, त्यांना हे नीट समजावून सांगितलं होतं का, असं टीकाकारांनी विचारलं. संशोधकांचं म्हणणं होतं की भारतात तेव्हा अशा तपासणीचा कुठलाच सरकारी कार्यक्रम नव्हता. नियंत्रण गटाला, म्हणजे तपासणी न मिळालेल्या गटाला, जे मिळालं ते देशातल्या बहुतेक सगळ्या स्त्रियांना मिळत होतं, तेच.

दोन्ही बाजू ऐकल्यावर एक गोष्ट उरते. असा नियंत्रण गट अमेरिकेत किंवा फ्रान्समध्ये करताच आला नसता, कारण तिथं तपासणी हा प्रत्येकीचा हक्क झालेला होता. उस्मानाबादेत तो गट करावाही लागला नाही. तो होताच. प्रयोगानं फक्त त्यातले मृत्यू मोजले. निकाल लागल्यानंतरही देशभरातल्या कोट्यवधी स्त्रिया त्याच स्थितीत राहिल्या, याची जबाबदारी प्रयोगापेक्षा आरोग्य-धोरण ठरवणाऱ्यांवर कितीतरी अधिक आहे.

भीतीचा धंदा

जिथं निदान पोचत नाही, तिथं कॅन्सरची भीती मात्र पोचते. बीड आणि उस्मानाबाद हे ऊसतोड मजुरांचे जिल्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जाते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना पहाटे फडात उभं राहणाऱ्या बाईला डॉक्टर सांगतो की पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या या प्रकाराची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं केली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

यांतल्या कितीजणींची एचपीव्ही चाचणी झाली असेल, किती जणींना कधी कुणी गर्भाशयाचं मुख तपासून दाखवलं असेल? मिनिटाभराची तपासणी आणि वेळ पडल्यास क्रायोथेरपी, एवढ्यावर जे भागलं असतं, त्यासाठी कर्ज काढून मोठी शस्त्रक्रिया झाली आणि तिशी-पस्तिशीतल्या बायका पाठदुखी, अशक्तपणा आणि नवी उचल घेऊन पुन्हा फडात गेल्या. उपचाराच्या विषमतेबद्दल बोलताना उपचार न मिळालेल्यांचाच विचार होतो. नको तो उपचार मिळालेल्या या बायकाही तितक्याच गरीब आहेत.

कार्ड आहे, तिकीट नाही

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या ७५व्या फेरीत कॅन्सरसाठी एकदा रुग्णालयात भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे साडेबावीस हजार आणि खासगीत सुमारे ९३ हजार रुपये निघाला. कॅन्सरचा रुग्ण एकदाच भरती होत नाही, हे लक्षात घेतलं तर शेतमजुराच्या घराचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रानं यावर काही केलं नाही असं नाही. १९९७च्या जीवनदायी योजनेपासून २०१२च्या राजीव गांधी योजनेपर्यंत आणि आता महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या जोडीपर्यंत, शस्त्रक्रिया, किमो आणि किरणोपचारांचा मोठा भार सरकारनं उचलला आहे. पिवळ्या रेशनकार्डावर कॅन्सरचं ऑपरेशन होऊ शकतं, ही पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कल्पनेबाहेरची गोष्ट होती.

पण योजनेचं दार रुग्णालयात उघडतं आणि आजार त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. धरून चालू की भूम तालुक्यातल्या एका वस्तीवर चाळिशीची बाई आहे आणि तिला संबंधानंतर रक्त जातं. हे ती सासूला सांगत नाही, नवऱ्याला तर नाहीच. तीन महिन्यांनी जावेला सांगते. तालुक्याचा डॉक्टर पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या देतो. पुढचे सहा महिने ती उसाच्या फडात आहे. परत येते तेव्हा कंबर दुखते आणि वास येतो. मग सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, तुकड्याची तपासणी, एक मोठ्या डॉक्टरची फी. हे सगळं रोखीनं, कारण निदान झाल्याशिवाय योजनेचा अर्जच होत नाही. निदान होतं तेव्हा टप्पा तिसरा असतो. आता कार्ड चालतं. पण किरणोपचाराला पाच-सहा आठवडे रोज जायचं असतं आणि कार्डावर एसटीचं तिकीट, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि शहरातलं जेवण बसत नाही. शेक अर्ध्यावर सुटतो तो इथं. केसपेपरवर त्याची नोंद ‘रुग्ण परत आला नाही’ अशी होते.

एका डोसचा योगायोग

बार्शीच्या मुलींनी जगाला आणखी एक गोष्ट दिली. २००९ साली एचपीव्ही लसीचे तीन डोस हवेत की दोन पुरतात, हे पाहण्यासाठी भारतातल्या अनेक केंद्रांवर एक अभ्यास सुरू झाला. बार्शी हे त्यांतलं एक केंद्र होतं. एप्रिल २०१०मध्ये केंद्र सरकारनं अशा सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं, कारण आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण संमती घेण्याच्या रीतीवर ताशेरे ओढले गेले. परिणाम असा झाला की अभ्यासातल्या जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला.

संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही. वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, तरी त्यांना गाठून नमुने घेतले गेले. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूच्या सर्वांत घातक १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एकाच डोसनं सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलं होतं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसला मान्यता दिली. तीनऐवजी एक डोस पुरत असेल तर गरीब देशाला त्याच पैशात तिप्पट मुली सुरक्षित करता येतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं जानेवारी २०२३मध्ये सर्व्हावॅक ही देशी लस आणली तेव्हा खर्चाचं उरलेलं कारणही बरंच मागे पडलं.

लस मुलींसाठी आहे. आज तिशी ते साठीत असलेल्या त्यांच्या आया-मावश्यांना मात्र तपासणीच वाचवू शकते. २०१९-२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. उस्मानाबादचा निकाल छापून आल्याला तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ साली देशात या कॅन्सरचे सव्वा लाखांहून अधिक नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले.

सरकारी कार्यक्रमात २०१६पासून आम्लाच्या तपासणीवर भर आहे. एचपीव्ही चाचणी महाग आणि परदेशी, हे तेव्हाचं कारण होतं. आता गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रावर चालणारी आणि पुण्याच्या मायलॅबची, अशा दोन देशी चाचण्यांची पडताळणी २०२५ साली झाली आहे. ट्रूनॅट यंत्रं क्षयरोगाच्या तपासणीसाठी देशभरातल्या सरकारी आरोग्यकेंद्रांत आधीच वापरात आहेत. नमुना घेण्याचा ब्रश बाईला स्वतःलाही वापरता येतो, आडोशाला जाऊन, कुणासमोर न झोपता. जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मान्यता आहे. लाजेपोटी तपासणी टाळणाऱ्या बाईसाठी ही मोठी सोय आहे.

बार्शीच्या अनुभवावरून पुढच्या कामाची यादी करता येते आणि ती फार लांब नाही. तपासणीच्या तारखा कोयते बाहेर पडण्याआधीच्या हव्यात आणि जे गेले त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावर शिबिर हवं. चाचणीत दोष आला की आठवड्याभरात घरी जाणारी व्यक्ती पगारावर नेमलेली हवी. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून हे होणार नाही. क्रायोथेरपीचं साधन आणि ते चालवणारे हात तालुक्याला हवेत. निदानाआधीच्या तपासण्या, एसटीचं भाडं आणि सोबत्याची मजुरी आरोग्य योजनेत धरली जायला हवी. आणि राज्यातल्या ३५८ तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना दर वर्षी एक आकडा विचारला गेला पाहिजे: तुमच्याकडे सापडलेल्या कॅन्सरपैकी किती पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडले? बहुतेक तालुक्यांकडे आज याचं उत्तर नाही. ते मिळवायचं तर बार्शी, भूम आणि परांड्यात लागली तशी माणसं प्रत्येक तालुक्यात नेमावी लागतील, आणि त्यांच्या पगाराची तरतूद आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी लागेल.